उत्तर घेऊन या

सरांना रडणारे नातेवाईक चालत, भांडणारे चालत, ऑपरेशनच्या आधी अंगारा लावू का म्हणून विचारणारेही चालत. 'तुम्हीच ठरवा डॉक्टरसाहेब' म्हणणारा मात्र चालत नसे. हे वाक्य कानावर पडलं की ते चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि ज्याचं पोट आहे त्याच्याकडे नुसते बघत बसत. पोट बाईचं असेल तर तिच्या नवऱ्याला, सासूला, भावाला बाहेर पाठवत आणि मग विचारत, "आता सांगा बाई, तुमाले काय पाहिजे?"

बाई म्हणे, "ते म्हणतील तसं."

"ते टेबलावर झोपून राह्यले का? उत्तर घेऊन या."

आणि खरंच परत पाठवत. हिंगणीहून दोन बस बदलून आलेल्या बाईलाही पाठवत. पोट फुटायला आलेलं असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, तेव्हा ते कोणाला काही विचारत नसत. पण वेळ असेल तर तो पेशंटचा, डॉक्टरचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्ध्यात त्यांना हट्टी म्हणत, विक्षिप्त म्हणत. आमच्या कापडाच्या दुकानात तर 'बायकांना बोलायला लावणारा डॉक्टर' अशीच त्यांची ओळख होती, आणि ती काही कौतुकानं सांगितली जात नसे.

बोरगाव मेघेकडे जाताना शहर जिथं विरळ होतं तिथं एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. सर तिथले मोठे सर्जन. अंगानं बारीक, मान पुढे काढून चालणारे, भर मे महिन्यातही गळ्याला मफलर. गिरडजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा; लंडनला जाऊन शिकून आले होते, पण बोलणं गिरडचंच राहिलं होतं. एवढीशी मुलगी असली तरी तिला ते 'तुम्ही' म्हणत. पुरुषांना, मग तो तहसीलदार का असेना, बहुतेक 'तू'. पोट तपासण्याआधी दोन्ही हात काखेत घालून गरम करत. ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून पाणीसुद्धा पीत नसत. पेशंटला उपाशी ठेवायचं आणि आपण पोहे खाऊन जायचं, हे त्यांना बरं वाटत नसे.

'काळजी करू नका' हे शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकले नाहीत. उलट म्हणत, "काळजी करा. मीही करून राह्यलो. दोघं मिळून करू." माझ्यासारख्या, आधीच काळजीनं पोखरलेल्या मुलीला हे ऐकून धीर यायला हवा होता की घाम फुटायला, ते मला आजही ठरवता येत नाही. तेव्हा घाम फुटला होता.

त्यांचे जुने पेशंट त्यांना बाजारात बघून लपत. कारण सर वांग्यांच्या ढिगाशेजारी उभं करून म्हणत, "वर कर बनियान, टाका पाहू दे." माणूस निमूट वर करी. सर वाकून, बोटानं दाबून, खोकायला लावून, जुन्या चिरेतून आतडं फुगून वर येत नाही ना ते बघत. मग भाजीवाल्यालाही दाखवत, "पाह्य, कशी जुळली." बायकांना बनियानाचं सांगता येत नसे, म्हणून त्यांना रस्त्याच्या पलीकडून नुसतंच ओरडून विचारत, "खोकलताना फुगत नाई ना?" माझ्या आईची एक मैत्रीण या एका भीतीनं दोन वर्षं गुरुवारच्या बाजाराला गेली नव्हती.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चोवीस वर्षांची होते. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. एका खासगी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत होते. पाळी अनियमित म्हणून एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या तीन-चार वर्षं चालल्या. मग पोटात, उजवीकडे की डावीकडे ते नेमकं सांगता येईना अशा जागी दुखू लागलं, सोनोग्राफी झाली, नागपूरला स्कॅन झाला आणि लिवरच्या डाव्या टोकाला मोसंबीएवढी गाठ निघाली.

सरांनी फिल्म खिडकीकडे धरली. बाबा खुर्चीच्या काठावर, आई उभीच.

"गाठ साधी दिसते," सर म्हणाले. "कॅन्सरची नाई. पाळीच्या गोळ्यांनी अशी वाढते, त्या आजपासून बंद. पण गोळ्या बंद करून लहान होईल एवढी ही लहान नाई. फुटू शकते. पुढं दिवस राह्यले तर त्या वेळी जास्त. फुटली तर आतल्या आत रक्त जाते. काढलेली बरी."

"कधी फुटेल?" आईनं विचारलं.

"ते मले सांगता आलं असतं तर मी इथं बसलो असतो का?"

त्या दिवसापासून मी माझं पोट उसनं आणल्यासारखं वागवू लागले. स्कूटीवरून जाताना खड्डा आला की पाय टेकून उतरत असे. पाण्याची बादली उचलत नसे. पहिलीतली मुलं सुटीनंतर धावत येऊन पोटाला मिठी मारतात. मी टेबलाच्या मागं उभी राहून शिकवू लागले. एक मुलगी म्हणाली, टीचर आमच्यावर चिडल्यात का. मी नाही म्हटलं, आणि टेबल काही सोडलं नाही.

गाठ काढायचे दोन रस्ते होते. पहिला सरांचा. बरगडीखालून लांब चीर द्यायची, पोट उघडायचं, हात आत घालून लिवर हातात घ्यायचं आणि गाठीचा भाग कापून काढायचा. दहा-बारा दिवस हॉस्पिटलात, दोन महिने जड काम नाही, वण जन्मभराचा. दुसरा रस्ता धाकट्या डॉक्टरांचा. धाकटे डॉक्टर म्हणजे सरांचेच विद्यार्थी, दक्षिणेत कुठंतरी दुर्बिणीची ऑपरेशनं शिकून परत आलेले. पोटात हवा भरायची, चार-पाच बारीक छिद्रं पाडायची, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. गाठ आतल्या आत पिशवीत भरायची आणि खाली ओटीपोटाशी छोटी चीर देऊन बाहेर काढायची. चार-पाच दिवसांत घरी.

"पित्ताच्या पिशव्या हा डोळे मिटून काढते," सर आमच्यासमोरच म्हणाले. "लिवरचं सांग रे. किती केले?"

धाकट्या डॉक्टरांचे कान लाल झाले. "इथं एकही नाही सर. तिकडे थोडे केले, सीनियरच्या हाताखाली."

"मी उघडून पुष्कळ केले," सर माझ्याकडे वळून म्हणाले. "त्यातले काही गेले."

बाबांना हे असलं बोलणं झेपेना. दुकानात गिऱ्हाइकाला कोणी असं सांगत नाही. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरीचं लगन व्हायचं आहे अजून. आर्वीचं स्थळ चालू आहे. वण नाई दिसला पाहिजे, मले एवढंच म्हणायचं आहे. बाकी तुम्हीच ठरवा."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शेठजी, बाहेर बसा." बाबांना 'तू' न म्हणता त्यांनी शेठजी म्हटलं, तेवढाच आमचा मान. आईलाही जायला लावलं. दार लागलं.

"बोला. तुमाले काय पाहिजे?"

मला मराठीत शरीराबद्दल बोलता येत नसे. शाळा कॉन्व्हेंटची, घरी असल्या विषयांवर कोणी बोलत नाही, आणि मुळात माझा आवाज फार बाहेर येत नाही. मी म्हटलं, "व्हॉटेव्हर यू थिंक बेस्ट, सर."

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "इंग्रजीत म्हटलं म्हणून ते उत्तर होत नाई. घेऊन या."

अशी मी दोन-तीनदा परत आले. मला राग यायचा. पोटात फुटू शकेल अशी गाठ घेऊन मी बाकावर बसायचे आणि हा माणूस मला शाळेतल्यासारखं परत पाठवायचा. पण त्या बाकावर बसूनच मी त्यांना पाहिलं. ओपीडीच्या शेजारी एक अरुंद खोली होती, दार अर्धं उघडं असे. तिथं धाकट्या डॉक्टरांनी पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं होतं. खोक्याला भोकं, आत छोटा कॅमेरा, समोर टीव्ही. लांब चिमट्यांनी आतले वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचा सराव. एके दिवशी बघते तर खोक्याशी सर उभे. मफलर पाठीवर टाकलेला, जीभ दातांत. वाटाणा उचलला की निसटे, उचलला की निसटे.

"सर, टीव्हीत बघा, हाताकडे नाही," धाकटे म्हणाले.

"हाताकडे पाह्यल्याशिवाय मी जेवतही नाई."

"तुमचा हात उजवीकडे गेला की चिमटा आत डावीकडे जातो."

"हे तुझं हत्यार आहे का सरकारी ऑफिस?" सर म्हणाले, पण चिमटा सोडला नाही.

त्यांचा आपला सराव वेगळा होता. नव्या विद्यार्थ्यांना ते डोळे बांधून कणकेचा गोळा देत. आत एक बोर दडवलेलं असे, ते बोटांनी शोधायचं. "लिवर असंच पाह्यतात. गाठ डोळ्याले दिसते ती अर्धी. बाकीची बोटाले दिसते." दुर्बिणीविरुद्ध त्यांची हीच एक तक्रार होती: बोट आत जात नाही. धाकटे म्हणत, कॅमेऱ्यानं मला शीर एवढी मोठी दिसते, तुम्हाला वरून वाकून कधी तशी दिसली? सर म्हणत, "तू घर खिडकीतून पाह्यतो. मी आत जाऊन बसतो." धाकटे म्हणत, "पण तुम्ही आत जायला भिंत पाडता, सर." यावर सर हसत. आपल्या विद्यार्थ्यानं आपल्याला उलट बोललेलं त्यांना आवडत असावं. निदान त्या वेळी ते चष्मा काढत नसत.

एकदा बाकावरच मी त्यांना विचारलं, दोन्हींत जास्त चांगलं कुठलं. सर उभ्याउभ्या बोलले. "दुखणं त्याच्यात कमी. घरी लवकर जाणार. टाका फुगायची भीती कमी. हे सारं खरं आहे, मी नाई म्हणत नाई. पण ओल्या गुळाच्या ढेपेले कधी टाका घातला का? लिवर तसं असते. दोरा ओढला की फाटते. आणि रक्त आलं की त्याचा टीव्ही लाल होते, दुसरं काई दिसत नाई. मले तिथं बोट ठेवता येते." मग म्हणाले, "गाठ साधी आहे, म्हणून घाई नाई. आणि साधी आहे म्हणूनच आमची चूक माफ नाई. कॅन्सरवाला म्हणते, तसाही जाणार होतो. तुम्ही कुठं जाणार होत्या?"

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

घरी वेगळंच चाललं होतं. बाबांनी दुर्बीण ठरवून टाकली होती, आणि आर्वीकरांना अपेंडिक्स सांगायचं हेही ठरवलं होतं. काकांचं मत मुंबईला न्या. आई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "तो माणूस तुले विचारून राह्यला, अन् तू घरभर लोकाईच्या तोंडाकडे काऊन पाह्यते?"

पुढच्या वेळी मी एकटीच गेले. वाटेत वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. सरांनी विचारायच्या आतच म्हटलं, "दुर्बिणीतून करा."

"काऊन? लगनासाठी?"

"नाही. मला लांब चिरेची भीती वाटते."

"भीती हे कारण चालते. बाकीचं सारं लोकाईचं कारण असते." ते कागद ओढून लिहू लागले. मी उठले नाही. मला अजून एक सांगायचं होतं. हॉस्पिटलची पद्धत मला बाकावर बसून कळली होती. ऑपरेशन चालू असताना बेत बदलावा लागला की सिस्टर दाराशी येई, नातेवाइकांना बोलावी, त्यांची पुन्हा सही घेई आणि मग आत काम पुढं चाले. एका बाईचा नवरा अशा वेळी चहाला गेलेला मी पाहिला होता. सिस्टर गेटपर्यंत पळत गेली होती.

"आत काही बिघडलं तर उघडा," मी म्हटलं. "बाहेर विचारायला जाऊ नका."

सरांचा पेन थांबला. "शेठजी रागावतील."

"पोट माझं आहे."

त्यांनी धाकट्या डॉक्टरांना आणि थिएटरच्या सिस्टरला बोलावलं आणि मला ते पुन्हा म्हणायला लावलं. सिस्टरला नीट ऐकू आलं नाही म्हणून आणखी एकदा. मग तसंच कागदावर लिहून माझी सही घेतली. बाबांना सांगणार का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. जे कळलं ते सिस्टरकडून. सर उपाशी, हात धुऊन, हातमोजे चढवून, दोन्ही हात छातीशी धरून धाकट्या डॉक्टरांच्या मागं उभे होते. पोट उघडायची सगळी हत्यारं शेजारच्या टेबलावर हिरव्या कपड्याखाली मांडून ठेवली होती. बराच वेळ सगळं ठीक चाललं. गाठ जवळजवळ सुटली होती. शेवटी एक शीर फाटली आणि टीव्ही लाल झाला. धाकटे चिमट्यानं दाबत राहिले, पाणी मारून बघत राहिले. सर हलले नाहीत, बोलले नाहीत. सिस्टर म्हणाली, त्यांचे ओठ तेवढे हलत होते.

मग धाकटे म्हणाले, "सर."

सवयीनं सिस्टर दाराकडे धावली होती. बाहेर बाबा होते. उघडावं लागेल म्हटल्यावर ते म्हणाले, "थांबा जरा, भावाले फोन लावतो," आणि जिन्याकडे गेले, कारण तिथं मोबाइलला रेंज येत असे. सिस्टर आत येऊन म्हणाली, नातेवाईक थांबा म्हणतात.

"त्याईले थांबू द्या," सर म्हणाले आणि हिरवा कपडा बाजूला सारला. "बाईनं सांगून ठेवलं आहे."

शुद्ध आली तेव्हा माझा हात आधी पोटाकडे गेला. बरगडीखालून लांब जाड पट्टी. तिच्या आजूबाजूला चार छोट्या पट्ट्या. दोन्ही ऑपरेशनं माझ्या एकाच पोटावर झाली होती. मी रडले, पण हळू, कारण रडताना सगळं ओढलं जात होतं.

धाकटे डॉक्टर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येत. पोटातून बाहेर काढलेल्या नळीतलं पाणी स्वतः बघत आणि माझ्याकडे न बघता जात. मी सरांना विचारलं, पहिल्यापासून उघडलं असतं तर ती शीर फाटली नसती का. मला वाटलं होतं ते हो म्हणतील. एवढे दिवस ते हेच तर सांगत होते. त्यांनी हात काखेत घातले, गरम करत राहिले.

"माहीत नाई," ते म्हणाले. "माझ्या हातानंही फाटली असती कदाचित. मले बोट लवकर ठेवता आलं असतं. एवढंच खरं."

हे धाकट्या डॉक्टरांनी दारातून ऐकलं असावं. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याकडे बघून बोलू लागले.

गाठीचा रिपोर्ट आला. साधीच होती, पूर्ण निघाली होती. बाबा इतके दिवस राग धरून बसले होते, रिपोर्ट हातात आल्यावर सुटले. सकाळचा राउंड चालू होता. पलंगाच्या एका बाजूला बाबा आणि आई, दुसऱ्या बाजूला सर, धाकटे डॉक्टर, सिस्टर. आर्वीहून निरोप आला होता की थोडं थांबू, आणि अपेंडिक्सला बारा दिवस हॉस्पिटलात राहावं लागत नाही हे तिथल्या लोकांनाही कळतं.

"मी थांबा म्हटलं होतं," बाबा म्हणाले. "मी फोन लावून येईपर्यंत पोट फाडून मोकळे झाले तुम्ही. मी बाप आहे तिचा. मले विचारायची पद्धत आहे की नाई?"

धाकटे म्हणाले, "काका, तसं नव्हतं, यांनी स्वतः..." सरांनी हात आडवा करून त्यांना थांबवलं. माझ्या सहीचा कागद सिस्टरच्या हातातल्या फायलीत होता. सरांनी तोही मागितला नाही. चष्मा काढला, पलंगाच्या काठावर ठेवला आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. बाबा त्यांच्याकडे बघत होते, आई माझ्याकडे.

"मीच सांगितलं होतं," मी म्हटलं.

"काय म्हणते ही?" बाबांनी आईला विचारलं. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. मी पुन्हा बोलायला श्वास घेतला तर टाक्यात अशी कळ आली की तोंड मिटून घ्यावं लागलं.

सर वाकले. माझा उजवा हात उचलून त्यांनी लांब पट्टीवर ठेवला आणि वरून आपल्या हातानं दाबून दाखवलं. त्यांचा तळवा गरम होता. "खोकलताना असा धरायचा. मोठ्यानं बोलायचं असलं तरी असाच," ते म्हणाले आणि आपला हात काढून घेतला.

मी पोटावर हात घट्ट दाबला आणि बाबांना पुन्हा सांगितलं, या वेळी शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसेल इतक्या मोठ्यानं.